ठिपकीची वही

१

दातवाल्याचा दिवस सकाळी सहा वाजता वजनकाट्यापाशी सुरू व्हायचा. काटा लॅबमधून आणलेला, प्लास्टरची पूड मोजायचा, अर्ध्या ग्रॅमचाही फरक दाखवणारा. त्यावर तो एक रिकामी डबी ठेवी आणि डबीत ठिपकीला.

बिल्डिंगमधले लोक त्याला दातवाला म्हणत, पण तो काही डॉक्टर नव्हता. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे ठसे घेतात आणि लॅबमध्ये पाठवून देतात. तिथे बसून त्या ठशांत प्लास्टर ओतायचं, साचा तयार करायचा आणि त्यावर कॅप नाहीतर कवळी बेतायची, हे त्याचं काम. वीस वर्षांत त्याच्या हाताखालून हजारो तोंडं गेली होती आणि त्यातल्या एकाचाही चेहरा त्याने पाहिला नव्हता.

ठिपकी म्हणजे पाल. भिंतीवरची नव्हे, काचेच्या पेटीत राहणारी गेको. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, वय साडेचार महिने. मुलीच्या अकराव्या वाढदिवसाला बायकोने ती आणली तेव्हा त्याने कपाळाला हात लावला होता. लोक पाल दिसली की केरसुणी शोधतात आणि आपण तिला घरात गादी घालून देतोय, असं तो म्हणाला होता. बायको हसली होती. तिने एक लांबट वही आणली, तारीख, वजन आणि किती अळ्या खाल्ल्या असे रकाने आखले आणि सुंदर अक्षरात नोंदी सुरू केल्या. एकोणीस नोंदी तिच्या हातच्या आहेत. विसावी त्याची आहे.

मधल्या दिवशी एका वळणावर स्कूटर घसरली. बायको गेली. मागे बसलेली मुलगी वाचली. हनुवटीला पाच टाके पडले आणि वरचा पुढचा एक दात अर्धा तुटला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ती मोठ्याने रडत होती. तो तिला म्हणाला, ‘रडू नकोस, खारू.’ ती थांबली. मग थांबलेलीच राहिली. त्याला सत्तर दिवस झाले होते आणि त्या घरात दोघांपैकी कोणीही रडलं नव्हतं. त्याला आत काही वाटतच नसे. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो पण आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं.

खारू हे नाव आईनेच ठेवलेलं, पुढच्या दोन मोठ्या दातांवरून. तुटलेल्या दातावरची तात्पुरती कॅप त्याने स्वतः केली. शेजारच्या दातावर एक पांढुरका डाग होता, तसाच कॅपवर उमटवला, आणि आतल्या बाजूला, जिथे कोणी कधी बघणार नाही, सुईने बारीकसा ‘ख’ कोरला. कॅप बसली छान, पण कडेला केसाएवढी फट राहिली. त्यामुळे बोलताना खारूच्या ‘स’मधून शिटी येई. त्याने दोनदा दुरुस्त करून देतो म्हटलं. ‘असू दे,’ ती म्हणाली. त्यातही शिटी वाजली.

तर त्या दिवशी सकाळी ठिपकीने अळीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. नऊ दिवस झाले. त्याने अळ्या बदलल्या, रातकिडे आणून पाहिले, चिमट्याने तोंडासमोर हलवून पाहिले. ठिपकी ढिम्म. आणि तरी काट्यावर रोज चौदा ग्रॅमच. खात नाही आणि घटतही नाही, हे त्याच्या हिशेबात बसेना. काट्याची बॅटरी उतरली असेल म्हणून त्याने नवी घातली. चौदा.

दहाव्या दिवशी त्याने वहीत आणखी एक रेघ मारली आणि नव्या रकान्यावर ‘खारू’ असं लिहिलं. कारण ताट तसंच परत आलं होतं, आणि आदल्या दिवशीचंही तसंच आलं होतं हे त्याला तेव्हा कुठे आठवलं. ‘दोन घास. दूध नाही.’ कागदावर उतरलेली गोष्ट निदान हाताशी राहते, असा त्याचा समज होता.

२

प्राण्यांच्या दुकानातली बाई पोपटांचे पिंजरे धूत होती. तिने हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

“रंग कसाय? दुधट झालाय का?”

“थोडासा. कालपासून.”

“मग काही नाही हो. कात टाकायला आलीये. या वयात सारखं चालू असतं त्यांचं. आधी खाणं सोडतात, मग रंग उडतो, मग कोपरा धरून बसतात.” तिने हात पुसले. “तुम्ही फक्त ऊब द्या आणि ओल द्या. एका डबीला भोक पाडा, आत ओला कागद घाला, ती आपली आपण जाऊन बसेल. आणि हात लावू नका. अडकलीशी वाटली तरी ओढायचं नाही. मागे एक साहेब ओढायला गेले, तर कातीबरोबर बोटच आलं.”

“बरं.”

“आणि बघत बसू नका. कोणी बघत असलं की अर्ध्यातच थांबतात. आपोआप निघतं सगळं.”

“निघालेली कात मग टाकून द्यायची?”

“मिळाली तर ना. तीच खाते. मागे काही ठेवत नाहीत. आणि त्यानंतर भूक बघा, नुसती हावरट होईल.”

तो निघाला, पण दारापाशी थांबला. का विचारलं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. “नंतर ओळखते ना? माणसांना?”

“आधी ओळखत होती का?” बाई म्हणाली आणि हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने हसू आवरलं.

घरी येऊन त्याने चिठ्ठी लिहिली आणि फ्रिजवर लावली. ऊब. ओल. हात लावायचा नाही. बघायचं नाही. शाळेतून आल्यावर खारू दप्तर न काढता त्या चिठ्ठीसमोर बराच वेळ उभी राहिली.

“दुखतं का तिला?” तिने विचारलं.

“नाही म्हणे.”

“आणि तिला आधी कळतं का, की आता निघणार?”

“कळत असेल. म्हणून तर खात नाही.”

खारूने मान हलवली, पूर्ण पटल्यासारखी. मग तिने स्वेटरच्या बाह्या ओढून बोटांपर्यंत आणल्या आणि खोलीत निघून गेली. ताट त्या दिवशीही तसंच राहिलं.

३

बुधवारी ताई आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दोन तासांवर राहते, घर भरलेलं आहे, आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर फ्रिज उघडून बघायची सवय आहे. तिने फ्रिज उघडला, बंद केला, चिठ्ठी वाचली, वही उचलली आणि चष्मा लावला.

“अरे, हे काय?”

“नोंदी.”

“ते दिसतंय. पालीच्या शेजारी पोरगी?” तिने पान वर धरलं. “‘ठिपकी, शून्य अळ्या. खारू, अर्धं बिस्किट.’ तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, राजा?”

“लक्ष राहतं त्याने.”

“लक्ष वहीत ठेवतात की पोरीवर? कधी नीट बघितलंस तिच्याकडे? चेहऱ्याला पावडर थापल्यासारखं काय दिसतंय ते? मी हाक मारली तर दोन मिनिटांनी वळून बघितलं तिने.”

“हवा कोरडी आहे ताई. माझे हातही बघ.” त्याने हात पुढे केले. प्लास्टरच्या पुडीने ते बाराही महिने पांढरेच असत.

ताईने ते हात आपल्या हातांत घेतले आणि तिचा आवाज उतरला. “हे बघ, तुझं दुःख मला कळत नाही असं नाही. पण पोर अशी वाळायला लागली तर मी गप्प बसणार नाही. मी रविवारी येते. तोपर्यंत जेवायला लागली तर ठीक. नाहीतर तिला मी घेऊन जाते, तिथलीच शाळा, तिथलीच चार पोरं. तू पालीला सांभाळ.”

शेवटचं वाक्य ती चेष्टेत म्हणाली होती. पण ती गेल्यावर तो सोफ्यावर बसला आणि त्याने ते घर डोळ्यांसमोर आणून पाहिलं. खारूची खोली बंद. सकाळी सहाला तो आणि चौदा ग्रॅमची पाल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला भीती वाटली, आणि काहीतरी वाटतंय याचं त्याला जवळजवळ बरं वाटलं. रविवारपर्यंत पोरगी जेवलीच पाहिजे, त्याने स्वतःला सांगितलं. चार दिवस आहेत.

४

गुरुवारी ठिपकीचे ठिपके दिसेनासे झाले. सगळं अंग पातळ चुन्यात बुडवल्यासारखं. ती ओल्या डबीत जाऊन बसली.

त्याच दिवशी खारूने शाळेत जायला नको म्हटलं आणि गरम पाण्याने आंघोळ करायला गेली. पाऊण तासाने बाहेर आली. संध्याकाळी पुन्हा गेली.

दातवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे. पण तो हिशेबी माणूस होता. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे एक साधं कारण तयार असे. थंडी आहे, पोरीला ऊब हवी. कातडी कोरडी पडली आहे, तर ओल बरीच. खात नाही, कारण आई गेली. यातलं एकही कारण खोटं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाथरूमच्या जाळीवर त्याला काहीतरी चिकटलेलं दिसलं. पाण्याने फुगलेलं, पारदर्शक, करंगळीच्या पेराएवढं. त्याच्या हातमोज्याचा तुकडा असावा. लॅबमधले पातळ मोजे कधी कधी खिशातून घरी येत. त्याने तो चिमट्याने उचलला, टिपकागदावर ठेवला आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं.

आतून पोकळ होतं. टोकाला नखाची जागा होती, नखासकट. आणि पेरावर रेषा होत्या, एकात एक वळलेल्या. हातमोज्याला रेषा नसतात, हे त्याला माहीत होतं. उलटे ठसे वाचण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हे बाहेरून पाहायचं की आतून, हे त्याला क्षणात कळलं. तरी तो बराच वेळ भिंग लावून बसला. मग त्याने कागदाची घडी घातली, ती वहीत ठेवली आणि लॅबला गेला. त्या दिवशी त्याने सहा कॅप केल्या. सहाही डॉक्टरांकडून परत आल्या नाहीत, म्हणजे काम चांगलंच झालं होतं.

संध्याकाळी त्याने वही उघडली. घडी तशीच होती. आत काही नव्हतं.

“खारू, यातलं काही घेतलंस?”

ती दाराच्या चौकटीत उभी होती. बाह्या बोटांच्या पुढेपर्यंत ओढलेल्या. डोळ्यांवर पातळ साय आल्यासारखी दिसत होती, पण दिवा तिच्या मागे होता.

“माझंच होतं,” ती म्हणाली. “बाबा, मला ना, घट्ट होतंय सगळं.”

“कपडे?”

ती पाठ फिरवून खोलीत गेली.

आता हे सांगायलाच हवं. कोणताही दुसरा बाप त्या संध्याकाळी पोरीला उचलून डॉक्टरकडे घेऊन गेला असता. या बापाने फ्रिजवरची चिठ्ठी वाचली. तिच्यात चार गोष्टी होत्या, त्या बाईला अनुभव होता, आणि ठिपकी तर त्या गोष्टींनी सुधारत होतीच. त्याने बाथरूममध्ये छोटा हीटर उंचावर लावला. दोन मोठे टॉवेल भिजवून दांडीवर टाकले, एक खाली अंथरला. बादलीत गरम पाणी भरून ठेवलं. हे सगळं त्याने मन लावून केलं, लॅबमध्ये भट्टी लावतात तसं.

“हवं तेव्हा जा,” तो तिला म्हणाला. “मी आत येणार नाही. काय करतेस विचारणारही नाही.”

५

शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर, म्हणजे त्याचं एकट्याचं आटोपल्यावर, खारू आत गेली आणि तिने कडी लावली. घड्याळात अडीच वाजले होते.

बाहेर लख्ख ऊन होतं. खालच्या मजल्यावर कोणीतरी गालिचा झटकत होतं. तो पॅसेजमध्ये खुर्ची घेऊन बसला आणि ठिपकीच्या पेटीची काच पुसू लागला. डबीत हालचाल होती. त्याने नियमाप्रमाणे मान फिरवली.

तीनच्या सुमारास आतून आवाज येऊ लागला. ओला कपडा सावकाश फाडावा तसा. मग शांतता. मग पुन्हा तसाच. मध्ये मध्ये श्वास, जड काहीतरी सरकवणाऱ्या माणसाचा असतो तसा.

“बाबा.”

तो उठला. “आहे मी इथे.”

“बाबा, सोडव.”

‘स’मधून शिटी आली. आवाज बारीक होता आणि दाराच्या अगदी जवळून, खालून आला, म्हणजे ती जमिनीवर बसली असावी. त्याने कडीच्या जागी हात ठेवला. ती कडी कशी होती ते त्याला ठाऊक होतं. बाहेरून खांदा मारला की निघायची. बायको एकदा अडकली होती तेव्हा त्याने तसंच केलं होतं.

“सोडव ना मला.”

हात लावायचा नाही. अडकलीशी वाटली तरी ओढायचं नाही. बोटच येतं. आणि उद्या रविवार आहे.

“घाई नको, खारू,” तो म्हणाला. “सावकाश होऊ दे. आपोआप निघेल.”

मग एकदा, दारावर आतून तळहात टेकवल्याचा आवाज. मग तोही नाही.

दाराच्या वरच्या भागात धुरकट काच होती. बघायचं नाही, हे त्याला पाठ होतं. त्याने एकदाच पाहिलं. कोणीतरी उभं होतं, आणि घट्ट स्वेटर डोक्यावरून काढावा तसं काहीतरी काढत होतं. ते निघालं. उभ्या असलेल्या आकृतीने ते दोन्ही हातांनी समोर धरलं. तेही तिच्याच उंचीचं होतं. त्याला हात होते.

त्याने तोंड फिरवलं आणि ठिपकीकडे बघत राहिला. आणि मग त्याला तो आवाज ऐकू आला, जो दोन आठवड्यांत त्या घरात आला नव्हता. चावण्याचा. न थांबता, मन लावून, एकामागून एक घास.

दातवाल्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं. पोरगी खात होती.

६

रविवारी ताई डबे घेऊन आली आणि दारातच थांबली. खारू टेबलाशी बसली होती. समोर तीन अंडी, अर्धा पाव, भाताचं पातेलं, आणि ती थेट पातेल्यातूनच खात होती. गाल लालसर. केस चमकत होते.

“अगं बाई,” ताई म्हणाली. “ही आपलीच का?”

“आत्या, तुझ्या डब्यात काय आहे?” खारूने विचारलं.

ताईने तिला जवळ घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पदराने डोळे टिपले. जेवताना खारू हसली, दोनदा. ताईने काढलेल्या एका विनोदावर तर इतकी की ठसका लागला. हनुवटी वर करून ती पाणी प्यायली. हनुवटी गुळगुळीत होती.

“टाक्यांची खूण किती छान भरून आली,” ताई म्हणाली. “या वयात पटकन जातं सगळं. काय लावलंस रे?”

“काही नाही,” दातवाला म्हणाला. “ऊब आणि ओल.”

जाताना ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चुकलेच मी. बोलले भलतंसलतं. तू सांभाळलंस तिला.” त्याने मान हलवली. खारू जिन्यापर्यंत जाऊन आत्याला टाटा करून आली. तिने म्हटलेले ‘सावकाश जा’, ‘सोमवारी फोन कर’ हे सगळे ‘स’ अगदी स्वच्छ होते.

७

दार लावल्यावर तो म्हणाला, “खारू, तोंड उघड.”

तिने उघडलं. लॅबमधल्या दिव्याखाली धरतो तशी त्याने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. पुढचे दोन्ही दात पूर्ण होते. कॅप नव्हती. पांढुरका डागही नव्हता, ना याच्यावर ना त्याच्यावर. आणि दातांच्या कडेला तीन तीन बारीक उंचवटे होते. दात हिरडीतून नुकताच बाहेर आला की त्याची कड अशी असते. वर्ष-दोन वर्षं चावून चावून ती झिजते आणि सपाट होते. खारूची कड झिजून गेली होती. प्लास्टरच्या साच्यात त्याने ती स्वतः पाहिली होती. आता वरच्या चारही दातांना ते उंचवटे होते. त्यांनी अजून फारसं काही चावलेलंच नव्हतं.

“कॅप कुठे गेली?”

“कुठली कॅप?” तिने विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता.

भिंतीवर बायकोचा फोटो होता. त्याने बोट दाखवलं. दाखवलं खरं, पण उत्तर त्याला ऐकायचं नव्हतं.

“आई,” खारू म्हणाली, वर्गात बरोबर उत्तर द्यावं तशी. मग तिने विचारलं, “अजून पाव आहे?”

तो पाव आणायला उठला तेव्हा पेटीत ठिपकी बाहेर आलेली दिसली. पिवळीधमक, ठिपके काळेभोर. स्वतःची कात कधीच गिळून झाली होती. तरी ती काहीतरी खात होती. तोंडाच्या कडेने पातळ पारदर्शक पट्टी लोंबत होती आणि ती झटके देत देत आत ओढत होती. पट्टीवर एक आडवी रेघ होती. रेघेच्या वर पाच बारीक टिंबं, खाली पाच.

“तिला भूक लागली होती,” मागून खारू म्हणाली. “म्हणून थोडं ठेवलं होतं.”

ठिपकीने शेवटचा झटका दिला, जिभेने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

त्याने दुपारभर पेटी साफ केली. ओल्या डबीच्या तळाशी, कागदाखाली, त्याला कॅप मिळाली. कोणीतरी नीट ठेवून दिल्यासारखी, खायला न येणारी गोष्ट ठेवतात तशी. त्याने ती पालथी केली आणि भिंग लावलं. ‘ख’ तिथेच होता. मग कपाटावरून त्याने तिच्या दातांचा प्लास्टरचा साचा काढला आणि अर्ध्या तुटक्या दातावर कॅप ठेवली. टक् असा आवाज होऊन ती बसली. कडेला केसाएवढी फट होती.

तो साचा हातात धरून तो स्वयंपाकघरात बसून राहिला. दार तोडायला एक खांदा पुरला असता. ते त्याला आता स्पष्ट कळत होतं. आत बसलेली मुलगी कातीतून मोकळं करून मागत नव्हती. ती वाचव म्हणत होती. ज्या पोरीला आपल्यापासून कोणी नेऊ नये म्हणून तो दाराबाहेर बसला, ती तिथेच, दाराच्या त्या बाजूला, संपली होती. त्याला रडायचं होतं. पण इतके दिवस बंद ठेवलेलं दार असं एकदम उघडत नाही.

“बाबा,” आतून खुशीतला आवाज आला, “ठिपकी सोळा ग्रॅम!”

८

पुढचे दिवस घर आनंदात होतं. खारू शाळेत जाई, मैत्रिणी आणी, दोन माणसांचं जेवे. ठिपकी दिवसाला आठ अळ्या खाई. नोंदी आता खारूच करत असे. तिचं अक्षर बदललं होतं, जास्त नीट झालं होतं.

त्याने तिला एकदाही दूर केलं नाही. ती गळ्यात पडली की तो हात फिरवी. तिला काही ठाऊक नव्हतं, तिने काही केलं नव्हतं. तीही कोणाची तरी नवी कोरी मुलगी होती. साचा मात्र तो लॅबच्या पिशवीत घालून रोज बरोबर नेई. खारूच्या ‘स’मधली शिटी, तिच्या आईचं हसणं, कॉरिडॉरमधलं ते रडणं, हे सगळं आता फक्त त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं. ते तिथे आहे तोवर त्या दोघी आहेत, असं तो मनाशी म्हणे.

दुसऱ्या शनिवारी सकाळी तो वहीपाशी गेला. पानावर एक नवी रेघ आखलेली होती, ‘खारू’च्या शेजारी आणखी एक रकाना. वर ‘बाबा’ लिहिलं होतं. खाली पाच दिवसांच्या नोंदी होत्या. एक चमचा भात. काही नाही. काही नाही. चहा सोडला. काही नाही.

त्याला खरंच आठवेना, शेवटचं कधी जेवलो ते. त्याने हात बघितले. पांढरे होते, नेहमीसारखे. त्याने ते नळाखाली धरले आणि साबणाने चोळले. पुन्हा चोळले. पुडीचा पांढरेपणा निघून जातो. हा गेला नाही.

“तुला घट्ट होतंय का, बाबा?” खारू दारात उभी होती. तिच्या आवाजात खरी काळजी होती. “मी सगळं करून ठेवलंय.”

बाथरूममध्ये हीटर चालू होता. दांडीवर दोन टॉवेल, खाली एक. बादलीतून वाफ येत होती. साचा आत नेऊ का, असं त्याने विचारलं, आणि तिने समजावल्यासारखी मान हलवली. “नंतर लागत नाही रे ते.” तिने तो त्याच्या हातातून हळूच काढून घेतला. त्याने सोडला. आपण सोडला हे त्याने पाहिलं आणि त्याला काही वाटलं नाही.

तो आत बसला. बाहेरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. खिडकीतून ऊन टॉवेलवर पडत होतं. अंगठ्याच्या नखाजवळ कड सुटली होती; त्याने ती चिमटीत धरली. बायको हसायची तेव्हा आधी काय करायची, डोळे मिटायची की मान मागे टाकायची? आता, या घडीला माहीत होतं. मान मागे टाकायची. मान मागे टाकायची.

“खारू,” त्याने हाक मारली. “खारू, सोडव.”

“आहे मी इथे,” दारापलीकडून ती म्हणाली. “घाई नको, बाबा. सावकाश होऊ दे.”

शिटी वाजली नाही.